जखमी मांजर पिंजऱ्यात, जोडीदार बाहेर: दोघांची काळजी कशी घ्यावी

पार्किंगमध्ये, मासळीबाजाराच्या मागे किंवा देवळाच्या आवारात राहणारी मांजरं बऱ्याचदा जोडीनं राहतात. दोघी बहिणी असतात, आई आणि तिचं मोठं झालेलं पिल्लू असतं, नाहीतर कुठून तरी आलेला बोका आणि त्याला सांभाळून घेणारी मांजरी. एकमेकांना चाटतात, एकाच गाडीच्या बॉनेटवर झोपतात, वाटीवर एकत्र येतात. त्यातलं एक लंगडायला लागलं किंवा मानेवर उघडी जखम घेऊन आलं, की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं आणि दुसऱ्याला विसरायला होतं. पंधरा दिवसांनी बरं झालेलं मांजर सोडायला जावं, तर जोडीदार जागा सोडून गेलेला असतो. किंवा जागेवरच असतो, पण परत आलेल्याला ओळखत नाही आणि अंगावर धावून जातो. म्हणून बेत पहिल्या दिवसापासून दोघांचा करायचा.

हे सगळं हात लावू न देणाऱ्या मांजरांसाठी आहे. पायाशी घुटमळणारं मांजर टॉवेलमध्ये गुंडाळून टोपलीत घालता येतं. माणसापासून दहा फूट लांब राहणाऱ्याला तसं धरायला गेलात तर ते पळेल, तुम्हाला चावेल आणि पुढचे कित्येक दिवस जेवायलाही येणार नाही. पकडायची चांगली संधी एकदाच मिळते असं धरून चाला.

आधी लांबून बघा

मोबाइलचा झूम वापरून फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. डॉक्टरांना फोनवर सांगण्यापेक्षा हा व्हिडिओ जास्त कामाचा ठरतो.

काही बाबतींत थांबायचं नसतं. मांजर तोंड उघडून श्वास घेतंय, मागचे दोन्ही पाय ओढत चाललंय, रक्त थांबत नाही, बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय पण थेंबही पडत नाही, किंवा जखमेत अळ्या दिसतायत: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी पकडा, तयारी अर्धी असली तरी. लाळ गळतेय, तोल जातोय आणि मांजर कारण नसताना अंगावर येतंय, तर मात्र स्वतः पकडायला जाऊ नका. रेबीजची शक्यता असते. मुलांना लांब ठेवा आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला किंवा प्राणी बचाव पथकाला बोलवा.

बाकी जखमांसाठी दोन-तीन दिवस तयारीला घेता येतात. सगळ्यात जास्त दिसतं ते मारामारीतलं गळू. बोक्याचा सुळा बारीक पण खोल भोक पाडतो, वरची कातडी एक-दोन दिवसांत मिटते आणि आत पू साठतो. गालावर, शेपटीच्या मुळाशी किंवा पुढच्या पायावर लिंबाएवढी सूज येते, मग ती फुटते आणि खाली लाल मांस दिसतं. दिसायला हे भयंकर असतं, पण पू निघून गेला आणि योग्य औषध मिळालं की मांजर आठवड्याभरात सावरतं. त्याउलट शेपूट लुळी पडून लोंबत असेल, तर दिसायला काहीच वाटत नाही, पण गाडीखाली शेपूट ओढली गेली असेल तर मूत्राशयाच्या नसाही दुखावलेल्या असू शकतात. अशा मांजराला लवकर तपासून घ्यावं.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. उघड्या जखमेवर माशी तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके घालते. ती तिची अंडी, आणि ती दिवसभरात फुटतात. जून ते सप्टेंबरमध्ये उघडी जखम दिसली की दोन दिवस थांबू नका.

घरातलं औषध नको

इथे सगळ्यात जास्त मांजरं दगावतात, आणि तीही मायेपोटी. पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो वगैरे, मांजराला विष आहे. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीही जीव घेऊ शकते, कारण मांजराचं यकृत ते औषध पचवू शकत नाही आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. आयब्युप्रोफेन आणि डिक्लोफिनॅकही तितकेच वाईट. डेटॉल आणि फिनाइल जखमेवर लावलं की मांजर ते चाटतं, आणि त्यांतली द्रव्यंही त्याला पचत नाहीत. गुरांच्या जखमेतल्या अळ्यांवर टर्पेंटाइन ओततात, ते मांजरावर कधीही ओतू नका. कुत्र्यांच्या पिसवांचं परमेथ्रिन असलेलं औषधही चालत नाही, त्यानं झटके येतात. हळदीचा लेप विषारी नाही, पण तो जखमेचं तोंड बुजवतो आणि पू आतच राहतो.

दवाखान्यात पोचेपर्यंत काहीही न लावणं हेच बरं. मांजर पिंजऱ्यात असेल आणि जखम अगदी घाण असेल, तर सुईशिवायच्या सिरिंजनं जाळीतून सलाईन मारता येतं. तेवढं पुरे.

पकडण्याआधी चार गोष्टी ठरवा

पहिली गोष्ट डॉक्टर. आधी फोन करून सरळ विचारा: माणसाळलेलं नसलेलं मांजर सापळ्यासकट आणतोय, भूल देऊन तपासाल का? सगळे डॉक्टर असं मांजर घेत नाहीत आणि दारातून परत फिरावं लागलं तर मांजराचे हाल होतात. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत उपचार होतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, मांजरासाठी त्याच्यावर अवलंबून राहू नका.

दुसरी गोष्ट सापळा. उंदराच्या पिंजऱ्याचंच मोठं रूप: मांजरानं आतल्या पाटीवर पाय ठेवला की दार पडतं. मांजरांची नसबंदी करणाऱ्या संस्था अनामत रक्कम घेऊन तो देतात. तिसरी गोष्ट बरं होईपर्यंत ठेवायचा पिंजरा, आणि तो मांजर पकडण्याआधी मांडून तयार असला पाहिजे. चौथी गोष्ट जोडीदार: पुढचे दोन आठवडे त्याला रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच वाटीत खायला कोण घालणार? एका माणसाचं नाव ठरवा. ‘कोणीतरी घालेल’ म्हटलं की तिसऱ्या दिवशी कोणीच घालत नाही.

पकडायचं मांजर मादी असेल तर आणखी एक बघायचं. आचळं ओढलेली आणि भोवतीचे केस गेलेले असतील तर जवळपास दूध पिणारी पिल्लं आहेत. ती आधी शोधा, नाहीतर आई दवाखान्यात आणि पिल्लं उपाशी अशी गत होते.

सापळा लावताना

दोघांनाही आदल्या रात्रीपासून, म्हणजे साधारण १२ तास, खायला घालू नका. शेजाऱ्यांना आणि वॉचमनला तसं सांगून ठेवा. एका काकूंनी प्रेमानं टाकलेल्या दोन मांदेल्यांनी सगळी तयारी वाया जाते. २४ तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवायचं नाही.

सापळा नेहमीच्या जेवणाच्या जागी, भिंतीला लागून, सपाट जमिनीवर ठेवा. डगमगला तर मांजर आत पाय टाकत नाही. तळाशी वर्तमानपत्राची एक घडी पसरा, पण ती पाटीखाली अडकणार नाही असं बघा. आमिषाला वास हवा. भाजलेलं सुकट, उकडलेला बांगडा किंवा तव्यावर गरम केलेला जवळा याला तोड नाही. दारात चिमूटभर, मध्ये चिमूटभर, आणि मुख्य वाटा पाटीच्या पलीकडे. पाटीवरच ठेवलात तर मान लांब करून खाऊन निघून जातं.

हमखास घडणारी अडचण म्हणजे धीट जोडीदार आधी आत शिरतो. त्यासाठी दार आपोआप पडू देऊ नका. पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली दाराखाली उभी करा, तिला सुतळी बांधा आणि पंधरा-वीस फुटांवर बसा. जखमी मांजर पूर्ण आत जाऊन खाऊ लागलं की सुतळी ओढायची. शेपूट बाहेर असताना ओढू नका. जोडीदार चुकून अडकलाच आणि त्याची नसबंदी झालेली नसेल, तर ती संधी समजा. सापळा झाकून बाजूला ठेवा आणि दुसरा सापळा लावा. सोबती जवळ आहे म्हटल्यावर जखमी मांजर बऱ्याचदा येतं.

दार पडल्याक्षणी जाड चादर टाका. आत आदळआपट करणारं मांजर अंधार झाला की मिनिटभरात शांत होतं. न झाकलेल्या सापळ्यात ते जाळीवर नाक घासून रक्तबंबाळ करून घेतं. दाराची कडी सुतळीनं बांधा, उचलताना बोटं जाळीत घालू नका. सामान तोलायच्या काट्याला सापळा अडकवून वजन करा आणि रिकाम्या सापळ्याचं वजा करा. भुलीचा आणि औषधाचा डोस वजनावर ठरतो, आणि अशा मांजराला दवाखान्यातल्या काट्यावर कोण उभं करणार? रिक्षात सापळ्याखाली प्लास्टिक पसरा, मांजर घाबरून लघवी करतंच.

चावलं तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. चुना, तिखट, हळद काहीही लावू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लस दंडात घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत ती मिळते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागतं, ते मागून घ्या. धनुर्वाताचंही विचारा. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, त्यामुळे वरून किरकोळ दिसणारा चावा २४ तासांत हाताला सूज आणतो. सूज वाढण्याची वाट बघत बसू नका.

एका भुलीत सगळं उरका

अशा मांजराला पुन्हा पुन्हा भूल देणं आणि पुन्हा पुन्हा पकडणं दोन्ही टाळायचं असतं. म्हणून डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या: तपासणी, गरज असेल तर एक्स-रे, जखम साफ करणं, रेबीजची लस, जंताचं औषध, आणि तब्येत झेपत असेल तर नसबंदी, सगळं त्याच वेळी. नसबंदी झाल्यावर कानाच्या टोकाला खूण करून घ्या, म्हणजे पुन्हा कोणी त्याच मांजराला पकडून पोट उघडणार नाही.

तीन मागण्या आवर्जून करा. टाके विरघळणारे घाला. जमेल तिथे पट्टी नको, कारण ती ओली होते, आत कुजते आणि बदलायला पुन्हा भूल लागते. आणि रोजच्या गोळ्यांऐवजी लांब काम करणारं प्रतिजैविकाचं इंजेक्शन चालेल का, ते विचारा. गोळ्याच द्याव्या लागल्या तर डॉक्सिसायक्लिन कोरडी कधीही देऊ नका. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होऊन नळी आकसते. ओल्या खाण्यात द्या आणि त्यावर पातळ काहीतरी पोटात जाऊ द्या. मेट्रोनिडाझोल इतकं कडू असतं की खाण्यात मिसळलं तर मांजर फेस काढतं आणि ते खाणं पुढे शिवतही नाही. त्याला पर्याय आहे का, हे दवाखान्यातच विचारून घ्यायचं.

पिंजरा

निदान ३ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. जागा शांत, सावलीची, जिथे कुत्रा, मिक्सर आणि टीव्ही नाही. नुसत्या बंद बाथरूममध्ये मोकळं सोडू नका. घाबरलेलं मांजर गिझरवर, खिडकीच्या काचपट्ट्यांत किंवा कमोडमागे शिरतं आणि मग त्याला बाहेर काढताना सगळेच जखमी होतात.

पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात लपायचं खोकं हवंच. सगळ्यात सोयीचं म्हणजे मांजर न्यायचं प्लास्टिकचं कॅरिअर, दार उघडं ठेवून. मांजर त्यातच बसून राहतं. साफसफाईच्या वेळी लांब काठीनं दार ढकलून बंद केलं, की हात घालून निर्धास्त काम करता येतं. दोन्ही गोष्टी एकाच सामानात होतात. लपायला जागा नसलेलं मांजर खात नाही. एवढ्या एका कारणानं कितीतरी उपचार फसतात.

शी-लघवीच्या ट्रेमध्ये रेती किंवा बाजारातली गोळा होणारी माती जखम असेपर्यंत वापरू नका, ती जखमेत चिकटते. वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या चालतात. मांजराची घाण काढताना हातमोजे घाला, घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं. खाण्याची वाटी पाण्यानं भरलेल्या ताटलीत ठेवा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. तीन बाजूंनी चादर, आणि उघड्या जखमेच्या मांजरासाठी पूर्ण पिंजऱ्यावर मच्छरदाणी. जखमेवर माश्या बसू न देणं हा अळ्यांवरचा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

पहिला दिवस मांजर बहुतेक खाणार नाही. रात्री सगळे झोपल्यावर खाईल. वाटी ठेवा आणि निघून जा. चार किलोच्या मांजराला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाद्य किंवा ८०-८५ ग्रॅमची ओल्या खाद्याची तीन पाकिटं लागतात. उकडलेलं बिनहाडाचं चिकन १२० ते १५० ग्रॅम चालेल, कांदा-लसूण-मीठ न घालता, पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस नुसत्या चिकनवर ठेवू नका. दूध नको, जुलाब होतात. तोंड वळवत असेल तर बांगडा उकडलेलं कोमट पाणी खाण्यावर घाला. भुकेपेक्षा वास मांजराला खायला लावतो.

रोज चार गोष्टी वहीत लिहा: किती खाल्लं, लघवी झाली का, शी झाली का, जखमेचा फोटो. ४८ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि तो नवा आजार जुन्यापेक्षा वाईट असतो. २४ तास लघवी नाही तर लगेच न्या. जखमेला सडका वास यायला लागला तरी तेच.

हाताळायचा, लळा लावायचा प्रयत्न करू नका. तुमच्याकडे बघून फिस्कारणारं मांजर ठणठणीत होण्याच्या मार्गावर आहे. कालपर्यंत फिस्कारणारं मांजर आज गप्प पडून असेल तर काळजी करा.

इकडे बाहेर

जोडीदार पहिले दोन-तीन दिवस शोधतो. नेहमीच्या जागी बसून ओरडतो, वाटीकडे येऊन न खाता परत जातो, कधी जिन्यात वरपर्यंत चढतो. या दिवसांत त्याला जागेशी बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे वेळेवर येणारं खाणं. तीच वेळ, तीच हाक. वाट्या दोन ठेवायची सवय असेल तर दोनच ठेवा. एखादा दिवस आलाच नाही, तर पंप रूम, जिन्याखालची अडगळ आणि उभ्या गाड्यांच्या खाली बघा, रात्रपाळीच्या वॉचमनला विचारा.

त्याला सोबत म्हणून त्याच पिंजऱ्यात टाकावं असं वाटतं. टाकू नका. दुखणाऱ्या मांजराला बाजूला सरकायला जागा राहत नाही, निरोगी मांजर कोंडलं गेल्यानं बिथरतं, आणि कोणी खाल्लं, कोणाला जुलाब झाले, काहीच कळत नाही. त्याऐवजी वास पोचवा. दोन जुने सुती फडके घ्या, एक कॅरिअरमध्ये, एक जोडीदाराच्या झोपायच्या जागी, आणि दर दोन दिवसांनी अदलाबदल करा. पू-रक्त लागलेलं फडकं बाहेर न्यायचं नाही. पिंजऱ्यातल्या मांजराला उलट्या-जुलाबांचा संसर्ग असेल तर ही अदलाबदल पूर्ण बंद. मांजरांच्या पार्व्होचा विषाणू जमिनीवर वर्षभर टिकू शकतो आणि साध्या साबणानं मरत नाही. घरगुती ब्लीचचा एक भाग ३२ भाग पाण्यात मिसळून पुसावं लागतं, आणि कोरडं होऊन वास गेल्याशिवाय मांजराला तिथे येऊ द्यायचं नाही.

जोडीदाराची नसबंदी झालेली नसेल तर याच काळात करून घ्या. बोका असेल तर बहुधा दुसऱ्या दिवशी, मांजरी असेल तर दोन-तीन दिवसांत परत जागेवर. मारामारीच्या जखमांचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. पहिल्याच्या आजारपणात दुसऱ्याला पकडायला वेळ नाही असं वाटतं, पण पिंजरा, डॉक्टर आणि खायला घालणारी माणसं एकत्र मिळतात ती याच दोन आठवड्यांत.

आवारात कोणी हरकत घेतली तर शांतपणे सांगावं की प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार आवारातल्या प्राण्यांना खायला घालण्याची सोय करणं ही रहिवासी संघटनेचीच जबाबदारी आहे. जागा लहान मुलांच्या खेळण्यापासून आणि जिन्याच्या तोंडापासून लांब निवडा आणि अर्ध्या तासात वाट्या उचला. निम्मे वाद तिथेच मिटतात.

सोडताना

गळू साफ केलेलं मांजर पाच ते सात दिवसांत, टाक्यांचं दहा ते चौदा दिवसांत, कंबरेच्या हाडाला तडा गेलेलं पण लघवी-शी नीट होणारं चार ते सहा आठवड्यांत सोडता येतं. नक्की दिवस डॉक्टर ठरवतील. आपण एवढंच बघायचं की मांजर पूर्ण वाटा खातंय, चारही पायांवर वजन घेतंय आणि वेदनाशामक थांबवून तीन दिवस झाले तरी तसंच आहे. एक डोळा गेलेली आणि बरीचशी तीन पायांची मांजरं बाहेर जगतात. दोन्ही डोळे गेलेलं किंवा लघवीवर ताबा नसलेलं मांजर परत सोडू नये. त्याच्यासाठी आयुष्यभराची जागा शोधायची, किंवा वेदना थांबणारच नसतील तर डॉक्टरांशी मोकळेपणानं शेवटाचं बोलायचं.

सोडण्याआधीचे दोन-तीन दिवस पिंजरा जेवणाच्या जागेजवळ नेऊन अर्धा तास ठेवा, जोडीदाराला चार-पाच फुटांवर वाढा. दवाखान्याचा स्पिरिटचा वास हेच न ओळखण्याचं मुख्य कारण असतं, तो उडायला वेळ लागतो.

मांजर सोडायचं ते जिथून उचललं तिथेच, जेवणाच्या वेळी, पाऊस नसताना. दुसऱ्या ‘चांगल्या’ भागात नेऊन सोडलं तर ते परत यायला निघतं आणि रस्त्यात मरतं. पिंजऱ्याचं तोंड रस्त्याकडे नाही, भिंतीकडे किंवा गाड्यांच्या रांगेकडे करा. दोन वाट्या सहा फुटांवर ठेवा. एक ते तीन दिवस गुरगुरणं, फिस्कारणं चालतं. भांडण अंगाशी आलं तर हात घालू नका, ताट वाजवा, मध्ये पुठ्ठा सरकवा.

पुढचे दोन आठवडे रोज चाल बघा आणि आठवड्यातून एकदा फोटो घ्या. पावसाळा जवळ असेल तर आडोसा करून द्या: साधारण दोन फुटांचा थर्माकोलचा खोका, विटांवर उचललेला, उतार असा की पाणी आत जाणार नाही. आत भाताचा पेंढा घाला, गोधडी नको, ती ओली झाली की दिवसेंदिवस वाळत नाही. सहा इंचांची दोन भोकं पाडा, समोरासमोर. एकच भोक असेल तर आत बसलेलं मांजर कोंडीत सापडतं, आणि नुकतं बरं झालेलं मांजर अशा खोक्यात पाऊलही टाकत नाही.